पत्रकारिता शिकवायची आहे त्यांच्यासाठी

एम.ए.चे निकाल लागले की पुढचा महिनाभर माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक, पदवी नुकतीच हातात पडलेली मुलंमुली. दुसरी, दैनिकात किंवा वाहिनीत दहा-पंधरा वर्षं काढलेली, रात्रपाळीला थकलेली मंडळी. प्रश्न दोघांचा एकच असतो, ‘मॅडम, शिकवायला यायचं तर काय करावं लागतं?’

दोघांचीही अर्धी तयारी झालेली असते, फक्त अर्धी वेगवेगळी. मुलांना सिद्धांत पाठ असतात, पण पंचायत समितीच्या सभेची बातमी त्यांनी कधी लिहिलेली नसते. पत्रकारांना बातमी डोळे मिटून लिहिता येते, पण ‘अभ्यासासाठी नमुना कसा निवडलात?’ असं विचारलं की ते गप्प होतात. मी स्वतः दुसऱ्या गटातली. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत नऊ वर्षं डेस्कवर होते आणि तेवढ्यावर काम होईल अशी माझी खात्री होती. पहिल्याच मुलाखतीत माझी कात्रणांची फाईल कुणी उघडलीसुद्धा नाही. नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र मागितलं, ते माझ्याकडे नव्हतं. त्यानंतर जे जे करावं लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. यातलं बरंचसं महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यापीठांना धरून आहे.

जागा कुठे असतात ते आधी पाहा

विद्यापीठाचा विभाग म्हटलं की डोळ्यांसमोर पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट येते. तिथला वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ पासूनचा. नागपूरला हिस्लॉप महाविद्यालयात त्याच्याही आधी, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला, पत्रकारितेचे वर्ग सुरू झाले होते. मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, जळगाव, सोलापूर या विद्यापीठांतही विभाग आहेत. पण हे विभाग लहान असतात. मंजूर पदं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलीही काही वर्षानुवर्षं रिकामी. ‘विद्यापीठातच शिकवेन’ असं ठरवून बसलात तर जाहिरातीची वाट पाहण्यात तारुण्य जाईल.

बहुतेकांची सुरुवात महाविद्यालयात होते. मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) हा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, आता त्याचं नाव बीएएमएमसी आहे. तो मुंबई-ठाण्यापासून कोकणापर्यंत अनेक महाविद्यालयांत चालतो, काही ठिकाणी मराठी माध्यमातूनही. मात्र हे अभ्यासक्रम बहुतांशी विनाअनुदानित आहेत. म्हणजे पगार शासनाकडून येत नाही, संस्था देईल तो. अनुदानित आणि विनाअनुदानित यांतला फरक रुजू होण्याआधी लेखी विचारून घ्या. ‘पुढे अनुदान येणार आहे’ या तोंडी शब्दावर मी लोकांना आठ-आठ वर्षं काढताना पाहिलं आहे.

याखेरीज खासगी विद्यापीठं आहेत, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यम अभ्यासाची शाखा आहे आणि भारतीय जनसंचार संस्थेचं एक केंद्र अमरावतीला आहे.

पदवी तपासून घ्या

सहायक प्राध्यापकासाठी संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी हवी आणि तिच्यात किमान ५५ टक्के गुण. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के चालतात.

आपल्या विषयातली खरी अडचण पदवीच्या नावात असते. एम.ए. जनसंवाद, एमसीजे, एमजेएमसी, जुनी एमजे अशी एकाच शिक्षणाची चार नावं आहेत आणि छाननी करणारा कारकून नाव वाचतो, अभ्यासक्रम वाचत नाही. नावावरून शंका येण्यासारखी पदवी असेल तर समकक्षतेचं पत्र आपल्या विद्यापीठाकडून आधीच काढून ठेवा. दुसरं, पदव्युत्तर पदविका म्हणजे पदव्युत्तर पदवी नाही. एक वर्षाची नावाजलेली पदविका करून उत्तम पत्रकार झालेले कितीतरी जण इथे अडतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर एम.ए.ला प्रवेश घ्या, वयाचा विचार करू नका. माझ्या वर्गात सत्तेचाळीस वर्षांचे एक वार्ताहर पहिल्या बाकावर बसून शिकले.

आता एम.ए.ला असाल तर दुसऱ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प मनापासून करा. पुढे पीएचडीचा विषय बहुतेक वेळा त्यातूनच निघतो.

नेट आणि सेट

नेट राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते, साधारण जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा. आपल्या विषयाचा संकेतांक ६३. पेपर दोन, वेळ सलग तीन तास. पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेसाठी वयाची अट नाही. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीसाठी म्हणजे जेआरएफसाठी ती आहे, खुल्या गटाला ३० वर्षं आणि इतरांना सवलत. जेआरएफची रक्कम २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये. घरून पैसे न मागता पीएचडी करायची असेल तर हा सगळ्यांत सरळ मार्ग आहे.

सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पात्रतेच्या अटी नेटसारख्याच. सेटवर या दोन राज्यांत नोकरी मिळते, बाहेर नाही, आणि जेआरएफ मिळत नाही. तरी दोन्ही परीक्षांना बसा. दोन्हींत बसणाऱ्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरवले जातात, त्यामुळे एकावर भिस्त ठेवणं बरं नाही. जून २०२४ ची नेट झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झाली होती, तेव्हा माझ्या दोन विद्यार्थिनींचं सगळं वेळापत्रक विस्कटलं.

अभ्यासाबद्दल थोडं सविस्तर सांगते. पहिला पेपर सर्व विषयांना सारखा असतो: अध्यापन, संशोधन, तर्क, आकडेमोड, उतारा, पर्यावरण, उच्च शिक्षण. पत्रकार मंडळी त्याकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच आपटतात. रोज तासभर आकडेमोड आणि तर्काचे प्रश्न सोडवा, तीन महिन्यांत फरक दिसतो.

दुसऱ्या पेपराचे दहा घटक आहेत. माध्यमांचा इतिहास, विकास संवाद, वार्तांकन-संपादन, जाहिरात, जनसंपर्क, कायदे आणि नीती, व्यवस्थापन, माहिती तंत्रज्ञान, चित्रपट, संवाद संशोधन. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करावी. नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. म्हणून एका वहीत तीन रकाने पाडा, मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, हिंदी संज्ञा. गेटकीपिंग, अजेंडा सेटिंग हे शब्द आपण तसेच वापरतो, पण नमुना निवड, गृहीतक, चल, आशय विश्लेषण यांचे इंग्रजी प्रतिशब्द आयत्या वेळी आठवत नाहीत.

कायद्याचा घटक जुन्या मार्गदर्शकांतून वाचू नका. बदनामीचं कलम ४९९ असं त्यांत अजून छापलेलं असतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ आहे. वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदाही जाऊन २०२३ चा आला आहे आणि तो मार्च २०२४ पासून लागू आहे. मूळ कायदा शासनाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. वाचायला कंटाळवाणा असतो, तरी वाचा. पुढे तुम्हाला तोच शिकवायचा आहे.

पीएचडी लागते का?

आजच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट पुरेसं आहे. विद्यापीठातल्या थेट भरतीला पीएचडी सक्तीची करण्याचं विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवलं होतं. ते आधी पुढे ढकललं गेलं आणि जुलै २०२३ मध्ये पीएचडी ऐच्छिक झाली. जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदाही आला. म्हणून जाहिरात निघेल त्या दिवशी लागू असलेला नियमच वाचायचा, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही.

पण ‘सक्तीची नाही’ यावर विसंबू नका. २०१८ च्या नियमांत मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ठरवणारा गुणतक्ता आहे. त्यात विद्यापीठातल्या पदासाठी पीएचडीला ३० गुण आहेत, जेआरएफसह नेटला ७, नेटला ५, सेटला ३. महाविद्यालयातल्या पदासाठी पीएचडीला २५, आणि बाकीच्यांना अनुक्रमे १०, ८, ५. हे आकडे एकदा शांतपणे पाहिले की पीएचडीशिवाय मुलाखतीचं बोलावणं का येत नाही ते कळतं. पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर ती लागतेच.

जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश मिळू शकतो. जेआरएफ नसलेल्यांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि हे गुण एक वर्षच चालतात. राज्यातली विद्यापीठं आपली स्वतःची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षाही घेत आली आहेत, तेव्हा हव्या त्या विद्यापीठाची चालू वर्षाची सूचना पाहा. पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, कमाल मुदत सहा, त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन. नोकरी करत करणार असाल तर पाच धरून चाला. जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या छात्रवृत्त्या पाहा, कुठल्या समाजघटकाला कुठली ते त्यांच्या जाहिरातीत दिलेलं असतं.

मार्गदर्शक निवडणं विषय निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. आपल्या विषयात मार्गदर्शक आधीच थोडे, त्यामुळे जागा मिळाली की लोक हरखून कुठलाही विषय पत्करतात. अर्ज करण्याआधी शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जा, त्या मार्गदर्शकांकडे झालेले दोन प्रबंध उघडा आणि निष्कर्षाचं प्रकरण वाचा. तिथे ‘माध्यमांचा समाजावर परिणाम होतो’ एवढंच लिहिलेलं असेल तर तुम्हीही तिथेच पोचणार.

विषयाबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे. आपल्याकडे दर वर्षी ‘सोशल मीडियाचा युवकांवर होणारा परिणाम : एक अभ्यास’ या छापाचे आराखडे येतात. शंभर विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटायची, टक्केवारीचे गोल काढायचे. आणि समोर काय पडलेलं आहे? तालुक्यातली यूट्यूब वाहिनी कोणाच्या पैशावर चालते? ग्रामपंचायत निवडणुकीत व्हॉट्सॲप गटावर कोण काय पाठवतं? म्हसवडच्या मान देशी तरंगसारखं सामुदायिक रेडिओ केंद्र रोजचे कार्यक्रम कसे ठरवतं? जिल्हा आवृत्त्यांतले अंशकालीन बातमीदार जाहिराती गोळा करतात तेव्हा बातमीचं काय होतं? शेवटचा प्रश्न मला नऊ वर्षं रोज दिसत होता. तो संशोधनाचा प्रश्न आहे हे मात्र मला एम.ए.च्या वर्गात परत बसल्यावर कळलं.

चांगलं संशोधन कसं असतं याचं उदाहरण शोधायला परदेशी जायला नको. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या नेतृत्वाखाली त्याचं मूल्यमापन केलं. मंडळ असलेली गावं आणि मंडळ नसलेली गावं यांची तुलना केली, प्रसारणाआधी आणि नंतर लोकांना काय माहीत होतं ते तपासलं. मंडळं असलेल्या गावांत ज्ञान स्पष्टपणे वाढलेलं दिसलं. जगभरच्या विकास संवादाच्या पुस्तकांत हा पुण्याचा प्रयोग येतो. आपल्या विद्यार्थ्यांना तो माहीत नसतो, याचं मला वाईट वाटतं.

शोधनिबंध छापताना सांभाळा. ‘दोन दिवसांत प्रसिद्धी, शुल्क इतके’ असा संदेश आला की समजायचं, ते नियतकालिक नाही, दुकान आहे. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी होती आणि त्यात नाव आहे का एवढं पाहिलं की भागायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी आयोगाने बंद केली. आता संपादक मंडळ खरं आहे का, त्या लोकांना तिथे आपलं नाव असल्याचं ठाऊक आहे का, मागचे अंक वाचायला मिळतात का, हे आपणच पाहायचं. पैसे देऊन छापलेले पाच निबंध मुलाखतीत अंगावर येतात, कारण समितीतला एखादा तज्ज्ञ ते वाचून आलेला असतो.

तासिका, जाहिरात, मुलाखत

पहिलं काम बहुधा तासिका तत्त्वावर मिळेल, ज्याला सगळे सीएचबी म्हणतात. जितके तास घ्याल तितकं मानधन, तेही महिनोन्‌महिने उशिरा आणि सुट्टीत शून्य. शिकवायची सवय लागावी म्हणून एक-दोन वर्षं जरूर करा, पण त्यावर संसार चालेल असं धरू नका, आणि बढतीसाठीच्या सेवेत ही वर्षं सहसा धरली जात नाहीत हेही लक्षात असू द्या. तासिकांचा अनुभव दाखला प्रत्येक सत्राच्या शेवटी सही-शिक्क्यानिशी घ्या. प्राचार्य बदलले की तो मिळवायला चकरा माराव्या लागतात. मी मारल्या आहेत.

जाहिरात आली की आधी आरक्षणाचा बिंदू पाहा. बिंदुनामावलीनुसार पद कुठल्या प्रवर्गासाठी आहे ते त्यात असतं. महाविद्यालयातली निवड असेल तर नंतर विद्यापीठाची मान्यता लागते. ती येईपर्यंत नेमणूक पक्की समजू नका. जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, नावात बदल असल्यास राजपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका यांच्या प्रती एका फाईलमध्ये कायम तयार ठेवा.

मुलाखतीत बातमीदारीचा अनुभव सांगायचा, पण तो अभ्यासाच्या भाषेत. ‘मी दहा वर्षं गुन्हे वार्ता केली’ एवढ्याने काही होत नाही. ‘गुन्हे वार्तांकनात आरोपीची जात आणि पत्ता कधी छापला जातो हे मी पाहत आलो आहे, त्यावर आशय विश्लेषण करायचं आहे, आणि वार्तांकनाच्या तासाला मी विद्यार्थ्यांकडून असं अमुक काम करून घेईन’ असं बोललात तर समिती पुढे सरकून बसते. दहा मिनिटांचा नमुना तास घ्यायला सांगतात. एकच मुद्दा घ्या आणि फळा वापरा.

ज्येष्ठ संपादकांसाठी आणखी एक दार आहे. २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून किमान पंधरा वर्षं क्षेत्रात काम केलेल्यांना पीएचडीशिवाय नेमता येतं. मुदत ठरावीक असते, जास्तीत जास्त चार वर्षं. ती कायम नोकरी नाही, हे समजून जा.

पगार आणि बढती

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर भत्ते. सहयोगी प्राध्यापकाचं १,३१,४०० आणि प्राध्यापकाचं १,४४,२०० पासून. पहिली बढती पीएचडी असेल तर चार वर्षांनी, नुसतं नेट-सेट असेल तर सहा वर्षांनी. त्यासाठी उद्बोधन आणि उजळणी वर्ग वेळेत करा. हे आकडे मंजूर, अनुदानित पदांचे आहेत. खासगी ठिकाणी नेमणूक पत्रातला आकडा आणि खात्यात येणारा आकडा एकच आहे ना, ते पहिल्याच महिन्यात पाहा.

वर्गात गेल्यावर

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचे असतात. नव्या माणसाला एका तासाच्या तयारीला तीन तास लागतात, म्हणून पहिल्या सत्रात संशोधन पुढे सरकलं नाही तरी घाबरू नका.

सिद्धांत शिकवताना तो आपल्या गावात आणून दाखवा. अजेंडा सेटिंग, म्हणजे माध्यमं ज्या विषयांवर भर देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात हा सिद्धांत, म्हटलं की पुस्तकात १९६८ सालचं अमेरिकेतलं चॅपेल हिल आणि तिथले शंभर मतदार येतात. ते सांगाच. मग विद्यार्थ्यांना त्याच आठवड्याची तीन मराठी दैनिकं आणायला लावा. पहिल्या पानावरच्या बातम्या विषयवार मोजा, पट्टीने स्तंभाची उंची मोजा, आणि मग बाजारात, एसटी स्टँडवर, घरी प्रत्येकी दहा माणसांना विचारा, ‘तुमच्या मते गावापुढचा सगळ्यांत मोठा प्रश्न कोणता?’ एका वर्षी आमच्या वर्गाला पहिल्या पानांवर आठवडाभर पक्षफुटीच्या बातम्या मिळाल्या, आणि माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी पाणी म्हटलं. सिद्धांत चुकला की दैनिकं चुकली की आमची प्रश्नावली, यावर तो वर्ग दोन तास भांडला. त्या दिवशी मी फार थोडं बोलले.

इतिहास शिकवताना १८३२ चं ‘दर्पण’ आणि १८८१ चा ‘केसरी’ यांच्यावर थांबू नका. १८७७ चा ‘दीनबंधु’ आणि १९२० चा ‘मूकनायक’ यांचे अग्रलेख वर्गात मोठ्याने वाचा. मुलं वाचनालयातून पुढचे अंक मागायला लागतात.

आणि बातमी लिहायला शिकवाल तेव्हा प्रत्येकाचा कागद लाल पेनाने तपासा, साठ असले तरी. माझ्या डेस्कवरच्या वरिष्ठांनी माझी पहिली बातमी अकरा ठिकाणी कापून परत दिली होती आणि प्रत्येक काटाकाटीचं कारण समासात लिहिलं होतं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. दर जुलैत नव्या वर्गाला मी तो दाखवते, मग त्यांच्या हातात शेजारच्या ग्रामसभेचं इतिवृत्त देते आणि तीनशे शब्दांची बातमी लिहायला पंचेचाळीस मिनिटं देते.